टर्बोचं ऑइल खाली कसं उतरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनवर टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) चढवला आहे. गाडी छान पळते, बूस्टही, म्हणजे त्या हवेचा दाबही, मिळतो. पण दोन-तीन मिनिटं जागेवर आयडलिंगला उभी राहिली की सायलेन्सरमधून निळा धूर सुरू होतो, आणि पुढे निघून रेस दिली की थोड्या वेळात साफ होतो. टर्बोचे सील गेले असं समजून दुसरा टर्बो आणला, तोही तसाच. ड्रेनला, म्हणजे टर्बोतलं ऑइल परत खाली आणणाऱ्या लाइनला, अर्धा इंची होज आहे, तो इंजिनच्या माउंटिंगखालून वळसा घेऊन चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) साधारण मध्यावर शिरतो. ड्रेन किती जाड हवा, कुठे सोडावा आणि कसल्या पाइपचा करावा?

तिसरा टर्बो आणू नका. आधीचे दोन्ही बहुधा चांगलेच होते.

टर्बोला ‘सील’ असतं असं आपण म्हणतो खरं, पण क्रँकला असतं तसं रबरी ऑइल सील तिथे नसतं. मिनिटाला लाखाच्या वर फिरणाऱ्या आणि एका टोकाला लाल होणाऱ्या शाफ्टवर रबर टिकणारच नाही. तिथे असते ती पिस्टन रिंगसारखी, पण छोटी, तोंडाला फट असलेली धातूची रिंग. ती मुख्यतः गॅस अडवते, ऑइल अडवणं हे तिचं काम नाही. बुशमधून, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या बेअरिंगमधून, बाहेर पडलेलं ऑइल शाफ्टवरच्या कडेवरून भिरकावलं जातं, मधल्या हाउसिंगच्या भिंतींवर आपटतं आणि खाली ओघळतं. हाउसिंग रिकामं राहतं म्हणून रिंगजवळ ऑइल साचत नाही, आणि साचत नाही म्हणून ते बाहेर येत नाही. ड्रेन तुंबला की हाउसिंग भरतं, ऑइल शाफ्टच्या पातळीपर्यंत चढतं आणि रिंगच्या फटीतून टर्बाइनकडे (एक्झॉस्टने फिरणाऱ्या पंख्याकडे) वाट काढतं. गाडी जोरात असताना टर्बाइनच्या बाजूला एक्झॉस्टचा दाब असतो, तो ऑइलला बऱ्यापैकी मागे रेटतो. आयडलिंगला तो दाब जवळजवळ नसतो. म्हणून तुमचा धूर उभं राहिल्यावर येतो आणि पळताना जातो. नेमकं हेच लक्षण तुम्ही सांगितलं आहे.

आता ड्रेनमधून काय येतं ते बघा. फीडमध्ये, म्हणजे टर्बोकडे ऑइल नेणाऱ्या लाइनमध्ये, पंपाचा दाब असतो, म्हणून तिथे पेन्सिलीएवढा पाइप पुरतो. बुशमधून सुटल्यावर तो दाब संपतो. शिवाय दोन्ही बाजूंच्या रिंगमधून थोडा एक्झॉस्ट गॅस आणि थोडी बूस्टची हवा आत येतच असते, आणि एवढ्या वेगात फिरणारा शाफ्ट ते सगळं घुसळून काढतो. खाली येतो तो गरम फेस. ताक घुसळताना रवीभोवती जमतो तसा. त्याला खाली ओढणारं फक्त गुरुत्वाकर्षण. म्हणून मी हाताखालच्या पोरांना सांगतो की याला पाइप म्हणूच नका, पन्हळ म्हणा. पन्हळीतून पाणी तळाने वाहतं आणि वरची जागा मोकळी असते. इथेही तेच हवं: खालून ऑइल उतरेल आणि वरच्या मोकळ्या जागेतून गॅस ये-जा करेल. पाइप तोंडोतोंड भरून वाहायला लागला की गॅसला वाट उरत नाही, मग बुडबुडे ऑइललाच ढकलत वर येतात. उलटी धरलेली बाटली जशी गुडगुड करत रिकामी होते, तसं.

जाडीचा हिशोब इथूनच लागतो. बुश बेअरिंगच्या गाडीच्या टर्बोला आतून 16 मिलिमीटर मोकळी वाट धरा. फिटिंगच्या भाषेत साधारण 10 नंबर एएन (होज-फिटिंगच्या मापाची पद्धत), आणि जागा असेल तर 12 नंबर. बॉल बेअरिंगच्या टर्बोला ऑइल कमी लागतं, पण मी तिथेही 10 च्या खाली जात नाही. तुमचा अर्धा इंची म्हणजे आतून साधारण 12 मिलिमीटर. 12 आणि 16 मध्ये फरक चारचाच दिसतो, पण घट्ट ऑइल वाहून नेण्याची ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे 16 चा पाइप 12 च्या तिप्पट ऑइल नेतो.

आणि जाडी मोजायची ती होजची नाही, सगळ्या वाटेत जिथे सर्वांत अरुंद असेल तिथली. एकदा माझ्याकडे एक गाडी आली. मालकाने सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं केलेलं: 10 नंबरचा स्टीलच्या जाळीचा होज, सुबक उतार, आणि तरीही धूर. होज काढून फुंकला तर हवा आरपार. शेवटी टर्बोखालचा 90 अंशांचा एल्बो हातात घेतला. बाहेरून अंगठ्याएवढा. आत बॅटरी मारली तर दोन्ही बाजूंनी ड्रिल मारून मध्ये काटकोनात भेटवलेली भोकं, आणि भेटीच्या जागी एक धारदार कड. 9 मिलिमीटरचं ड्रिल कसंबसं गेलं. एल्बो काढून 45 अंशांचा, वाकवलेल्या नळीचा घातला आणि धूर बंद. तेव्हापासून मी एक खोड लावून घेतली आहे. चेंबर खाली उतरवलेलं असतानाच ड्रेनची पूर्ण लाइन जागेवर बसवायची, टर्बोच्या बाजूने बेअरिंगचा 12 मिलिमीटरचा छर्रा सोडायचा आणि खाली हात धरायचा. छर्रा आपसूक हातात पडला तर उतारही बरोबर आणि वाटही मोकळी. कुठे थांबला तर तिथेच ऑइलही थांबणार. छर्रे मोजून घ्या मात्र. एक चेंबरमध्ये राहिला तर धुराची काळजी करायची गरजच उरणार नाही.

उतार टर्बोपासूनच सुरू होतो. मधलं हाउसिंग असं फिरवून बसवा की ड्रेनचं तोंड सरळ खाली राहील. नाइलाजाने तिरकं करावं लागलं तर उभ्या रेषेपासून 30-35 अंशांपलीकडे नको, कारण त्यापुढे हाउसिंगच्याच एका कोपऱ्यात ऑइलचं डबकं राहतं. पाइपही वाटेत कुठेही आडव्यापासून 30 अंशांपेक्षा कमी उताराचा नको. सर्वांत वाईट म्हणजे पोट. तुमचा होज माउंटिंगखालून जाऊन चेंबरकडे थोडा वर चढत असणार. त्या पोटात ऑइल कायम भरलेलं राहतं, घरातल्या बेसिनखालच्या वाकड्या नळीत पाणी राहतं तसं. तिथे ते वास अडवायला मुद्दाम ठेवलेलं असतं. इथे ते गॅसची वाट अडवतं आणि ऑइलला पुढे जायला वरून जोर लावावा लागतो. तो जोर येणार कुठून, तर हाउसिंगमध्ये ऑइल साचूनच.

चेंबरमध्ये भोक कुठे पाडायचं यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो. नियम एका ओळीचा आहे: ऑइलच्या पातळीच्या वर. पण पातळी आहे कुठे, हे बाहेरून कळत नाही, आणि लोक अंदाजाने चेंबरच्या मध्यावर खूण करतात. त्यापेक्षा गवंडी भिंतीची पातळी काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतो तशी नळी वापरा. गाडी सपाट जागेवर, ऑइल गेजपट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत. चेंबर रिकामं असताना खालच्या नटच्या जागी त्याच आट्यांचा निपल बसवून पारदर्शक नळी जोडा, नळी चेंबरच्या बाजूने उभी धरा आणि मग ऑइल भरा. दहा मिनिटं थांबलात की नळीत ऑइल जिथे स्थिरावतं ती खरी पातळी. चेंबरवर रेघ मारा. भोकाची खालची कड त्या रेघेच्या निदान 25 मिलिमीटर वर पाहिजे. चालू इंजिनमध्ये ऑइल वर गेल्याने पातळी उतरते हे खरं, पण लांब वळणावर आणि ब्रेक लागल्यावर ते एका बाजूला चढतं, तेव्हा ही शिल्लक उपयोगी पडते. जागा मिळाली तर चेंबरच्या फ्लँजला लागूनच, अगदी वर भोक घ्या. काही इंजिनांच्या ब्लॉकमध्ये टर्बोवाल्या मॉडेलसाठी ठेवलेली, पण बुजवलेली जागा असते. ती सापडली तर भाग्य समजा, कारखान्याने जागा आधीच विचार करून निवडलेली असते.

पातळीच्या वर म्हणजे काम झालं असंही नाही. आत क्रँक फिरतो आणि ऑइलचा मारा करत असतो. त्या माऱ्यासमोर ड्रेनचं तोंड आलं तर खालून पिचकारी मारल्यासारखं होतं. चेंबर उतरवलं की आतली भिंत नीट बघा. कुठे ऑइल आदळतं ते जुन्या इंजिनमध्ये डागांवरून आणि धुतल्यासारख्या स्वच्छ पट्ट्यावरून बऱ्याचदा कळतं. तिथे टाळता येत नसेल तर भोकासमोर आतून पत्र्याचा एक छोटा आडोसा वेल्ड करा, वरून बंद आणि खालून उघडा. बंग (होज जोडायला भोकावर वेल्ड करायचं तोंड) आत डोकावता कामा नये. चेंबर चढवण्याआधी क्रँक हाताने पूर्ण फिरवून कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आणि काउंटरवेट त्याच्यापासून किती लांब जातात ते डोळ्यांनी पाहा.

भोक पाडायचं ते चेंबर काढूनच. गाडीखाली झोपून, ड्रिलला ग्रीस लावून चुरा पकडणारे पाहिले आहेत. ग्रीस बराच चुरा पकडतं, पण राहिलेला ऑइल पंपाकडे जातो, पंपाकडून बेअरिंगकडे. चेंबर पत्र्याचं असेल तर बंग वेल्ड किंवा ब्रेझ करा, ॲल्युमिनियमचं असेल तर टिग वेल्डिंग. ॲल्युमिनियमचं ओतीव चेंबर वर्षानुवर्षं ऑइल प्यायलेलं असतं, ते चांगलं धुवून आणि तापवून घेतलं नाही तर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात आणि पुढे पाझर लागतो. बंग लावताना तो भिंतीला काटकोनात न ठेवता बाहेरचं तोंड वर करून तिरका बसवा, म्हणजे होज शेवटच्या इंचापर्यंत उतरताच राहील.

इथवर सगळं बरोबर केलं आणि तरी धूर आला तर तो पाइपचा दोष नसतो, इंजिनच्या पोटातल्या दाबाचा असतो. ज्याला आपण बॅक कॉम्प्रेशन म्हणतो ते. जरा आकड्यांत बघा. टर्बोपासून चेंबरच्या भोकापर्यंत उंची 15 सेंटिमीटर असेल, तर तेवढ्या ऑइलच्या स्तंभाचा दाब होतो साधारण 12 मिलिबार. ऑइल फेसाळ असलं तर त्याच्या निम्मा. म्हणजे ऑइलला खाली ढकलणारी सगळी शक्ती एवढीच. त्यापुढे क्रँककेसमध्ये 20 मिलिबारचा दाब उभा राहिला आणि पाइप ऑइलने भरलेला असला, तर ऑइल उतरणार कसं? टर्बो लावल्यावर पिस्टनच्या रिंगांवरून खाली निसटणारा गॅस वाढतो, ब्रीदर (तो गॅस बाहेर सोडणारी वाट) मात्र साध्या इंजिनचाच राहिलेला असतो.

साध्या इंजिनवर टर्बो बसवणाऱ्यांचं एक हटकून राहून जातं, ते म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह, इंजिनच्या पोटातला गॅस इनटेककडे ओढू देणारा. त्याची नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली असते. मूळ इंजिनमध्ये तिथे नेहमी व्हॅक्यूम असायचा, आता तिथे बूस्ट येतो. मूळ व्हॉल्व्ह बूस्ट अडवायला बनवलेला नसतो. तो थोडा जरी गळला तरी टर्बोची हवा थेट इंजिनच्या पोटात भरते. त्या लाइनमध्ये बूस्ट सहन करणारा चांगला एकमार्गी व्हॉल्व्ह घाला, आणि बूस्टवर गॅस बाहेर पडायला हेड कव्हरपासून दुसरी मोठी वाट द्या. ती एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपला जोडतात, मध्ये कॅच कॅन, म्हणजे गॅसमधलं ऑइल धरणारा डबा, ठेवून. याच पाइपबद्दल एक बाब जाता जाता: एअर फिल्टर चोंदलेला असेल तर कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) मागे ओढ तयार होते आणि त्या बाजूची रिंग ऑइल सोडते. इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइल दिसलं की ड्रेन उघडण्याआधी फिल्टर बघावा.

हा दाब मोजायला महागडं काही लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, निम्मी पाण्याने भरा आणि एक टोक गेजपट्टीच्या नळीवर घट्ट बसवा. दोन बाजूंच्या पाण्यात जितके सेंटिमीटर फरक, जवळपास तितके मिलिबार. आयडलिंगला पाणी किंचित इंजिनकडे ओढलं गेलं तर उत्तम. इंजिनपासून दूर ढकललं जात असेल तर ब्रीदर बघा, आणि ब्रीदर मोकळा असूनही ढकललं जात असेल तर पिस्टनच्या रिंगा. यूचे पाय चांगले मीटरभर उंच ठेवा, नाहीतर जोराच्या व्हॅक्यूममध्ये पाणी आत जाईल.

पाइप कसला, याचं उत्तर सोपं आहे. टर्बोखालचे पहिले 10-15 सेंटिमीटर स्टीलची नळी, तिच्या टोकाला कड उठवलेली, आणि त्यापुढे चेंबरपर्यंत छोटा ऑइलचा होज. पूर्ण लोखंडी करू नका. मॅनिफोल्ड तापला की टर्बो दोनेक मिलिमीटर सरकतो, आणि दोन्ही टोकांना जखडलेली नळी वेल्डजवळ तडकते. होजसाठी रेडिएटरचं रबर अजिबात नको, ऑइलमध्ये ते फुगून मऊ पडतं. रंगीत सिलिकॉन होजही नको. दिसायला देखणा, पण काही दिवसांत ऑइल त्याच्यातून घामासारखं पाझरतं. आत फ्लोरोकार्बनचं, म्हणजे वायटनसारखं अस्तर असलेला होज घ्या, तो 200 अंशांच्या आसपास टिकतो. साधा नायट्राइल रबराचा होज 100-120 अंशांचा असतो आणि टर्बोखालचं ऑइल त्याहून गरम असू शकतं. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) जाळीदार होज उष्णतेला उत्तम, फक्त तो ताठ असतो, जबरदस्तीने वाकवला तर आतून चिमटतो आणि बाहेरची जाळी ते दिसू देत नाही. एक्झॉस्टजवळून जातो तिथे उष्णतारोधक बाही चढवा. जुना होज पुन्हा वापरायचा असेल तर कापून आत बघा. अस्तर सुटून जिभेसारखं लोंबकळताना मी पाहिलं आहे.

ड्रेनच्या फ्लँजला पॅकिंगच घाला, लिक्विड गॅस्केट नको. ही चूक माझीच, सुरुवातीच्या दिवसांतली. पॅकिंग हाताशी नव्हतं म्हणून सिलिकॉन फासलं. दाबल्यावर जास्तीचं आत गेलं, वाळलं आणि ड्रेनच्या तोंडावर पडद्यासारखं लटकत राहिलं. पॅकिंग हाताने कापत असाल तर ते फ्लँजवर ठेवून भोकाची कड बोटाने चाचपा. चंद्रकोरीएवढा कागद आत आलेला असला तरी काढा.

फीडबद्दल फारसं लिहीत नाही. बॉल बेअरिंगच्या टर्बोला साधारण 1 मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारं छोटं भोक) बहुतेक वेळा लागतोच, बुशच्या टर्बोला सहसा नाही. तो नेहमी फीडमध्ये. धूर कमी व्हावा म्हणून ड्रेनमध्ये रिस्ट्रिक्टर घातलेलं एकदा पाहिलं आहे, त्यावर काय बोलणार.

टर्बोच चेंबरच्या पातळीला किंवा खाली बसवला असेल तर मात्र पन्हळीचा विषय संपतो, तिथे ओढणारा पंप लागतो. टर्बोखाली छोटा डबा, डब्यापर्यंत तोच जाड, उतरता पाइप, डब्यातून चाळणीमार्गे पंप, आणि पंपापासून हेड कव्हरमध्ये. पंप गरम, फेसाळ ऑइल ओढणारा पाहिजे आणि फीडच्या किमान दुपटीचा. इंजिनबरोबर सुरू व्हावा, बंद केल्यावर थोडा वेळ चालत राहावा. तो थांबला तर ड्रायव्हरला कळायला दिवा किंवा बझर हवाच. टर्बो वर घेता येत असेल तर मी पंपाच्या भानगडीत पडत नाही.

तुमच्या गाडीवर आज काय करायचं? काहीही खोलण्याआधी इंजिन गरम करून धूर येईपर्यंत आयडलिंगला ठेवा आणि ऑइल भरण्याचं झाकण काढा. आयडलिंग थोडी बिघडेल, तिकडे लक्ष देऊ नका. काही मिनिटांत धूर स्पष्ट कमी झाला तर आधी ब्रीदर आणि पीसीव्ही. फरक पडला नाही तर इंजिन बंद करून ड्रेनचं खालचं टोक चेंबरवरून सोडवा, चेंबरचं तोंड बुजवा आणि होज सरळ खाली स्वच्छ डब्यात सोडा. मग एक मिनिट आयडलिंग, त्याहून जास्त नाही, कारण चेंबरमधलं ऑइल डब्यात येतं आहे. मदतीला कुणी असेल तर त्याने वरून तेवढंच नवं ऑइल ओतत राहावं आणि प्रेशरच्या दिव्यावर नजर ठेवावी. हात सांभाळा, ऑइल चटका देण्याइतकं गरम असतं. बंद करून ऑइल परत भरा आणि हे दोन-तीनदा करा. धूर विरळ होत गेला तर टर्बो निर्दोष आहे, होज आणि चेंबरचं भोक दोषी. डब्यात मोकळी धार पडूनही धूर तसाच राहिला, तरच टर्बोकडे वळा.

माझा अंदाज होज आणि भोक या दोघांवरच आहे. चेंबर उतरवा, जुनं भोक बुजवा, नवं वर घ्या, 16 ची वाट द्या, माउंटिंगच्या खालून नव्हे, पुढून किंवा मागून उतरवा. त्यानंतर पहिल्या दिवशी धूर दिसला तर लगेच निराश होऊ नका. इतके दिवस टर्बोने सोडलेलं ऑइल सायलेन्सरच्या पोटात साचलेलं आहे. गाडी चांगली तापवून हायवेवर अर्धा तास चालवा, ते जळून जाऊ द्या, आणि मग दहा मिनिटं आयडलिंगला उभी करून मागे जाऊन बघा.